मागून घेतलेली थर्ड शिफ्ट

“तुमची साखर तीनशे अठरा आहे,” डॉक्टर म्हणाले, “आणि ही कालपरवाची नाही. दोन-तीन वर्षं तरी अंगात मुरलेली असणार. तुम्ही जे आता सांगितलंत ना, ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही, ते बहुतेक त्यातूनच आलंय. त्याला इरेक्टाइल डिस्फंक्शन म्हणतात.”

मार्चमधली दुपार होती. मी नाशिकमध्ये सातपूरच्या एका छोट्या हॉस्पिटलात कॉटवर पडलो होतो आणि हाताला सलाइन होतं. साखर निघाली म्हटल्यावर माणसाचा चेहरा पडतो. मला मात्र हसू आलं. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. माझ्या त्रासाला नाव आहे, ते नाव डॉक्टरांना तोंडपाठ आहे आणि ते उच्चारताना त्यांचा आवाजसुद्धा खाली येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं मी त्याला एकच नाव देत होतो, आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग हसू गेलं आणि रडू आलं. कारण तोवर माझी बायको घर सोडून माहेरी गेली होती. तिला जाऊन पाच आठवडे झाले होते आणि ती ज्या कारणासाठी गेली ते कारण मीच खोटं रचलं होतं.

हे मी लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी. तुम्ही हे चोरून वाचत असाल हे मला माहीत आहे. वाचा.

मी सातपूरच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. वय चव्वेचाळीस. मशीनवरून उतरलेला पार्ट हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, केसाच्या जाडीइतका फरक असला तरी बाजूला काढायचा, हे माझं काम. वीस वर्षांत माझ्या हातून चुकीचा पार्ट सहसा बाहेर गेला नाही. स्वतःच्या अंगातला बिघाड मात्र मी दोन वर्षं ‘ओके’चा शिक्का मारून पुढे ढकलला.

सुरुवात साधी होती. एकदा जमलं नाही. रेखा म्हणाली, “दमला असाल, झोपा.” पुन्हा आठवड्याने तेच. तिसऱ्या वेळी ती काहीच बोलली नाही, कूस वळवून झोपली. तिचं ते न बोलणं मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. आता कळतं, ती बिचारी मला लाज वाटू नये म्हणून गप्प होती.

त्याच वेळी मला तहान फार लागायला लागली होती. लघवीला सारखं जावं लागे. पायांच्या तळव्यांना मुंग्या येत. हे सगळं मी उन्हाळ्याच्या आणि सेफ्टी शूजच्या नावावर टाकलं. सकाळी झोपेतून उठताना पूर्वी आपोआप जी ताठरता असायची, तीही बंद झाली होती. पुढे डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच विचारलं. सकाळची असेल तर बहुतेकदा मनाचा भाग मोठा असतो, तीही गेली असेल तर शरीर तपासायलाच हवं, असं त्यांनी सांगितलं. हे मला दोन वर्षं आधी कोणी सांगितलं असतं तर!

पण सांगणार कोण? मी विचारलंच नाही ना कुणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मानून बसलो. मुठीत काय होतं, तर साखर.

मग मी अक्कल चालवली. आमच्याकडे दर आठवड्याला शिफ्ट बदलते. फर्स्ट, सेकंड, थर्ड. थर्ड म्हणजे रात्री बारा ते सकाळी सात, आणि ती कुणालाच नको असते. दोघांनी चिठ्ठीवर सही करून सुपरवायझरला दिली की आपसात बदली मिळते. मी शिंदेला म्हटलं, “तुझी थर्ड मला दे, माझी फर्स्ट तू घे.” शिंदे माझ्याच लाइनवरचा, घरी लहान पोरं असलेला. त्याला देव भेटल्यासारखं झालं. मग पाटील, मग आहेर. हळूहळू मी महिन्यातले तीन-तीन आठवडे थर्ड करू लागलो. रेखाला सांगितलं, कंपनीने लावलीय, माणसं कमी आहेत.

रात्री घरात नसलो की प्रश्नच मिटला. साप्ताहिक सुट्टीला पाठ भरून यायची. दरवेळी. माझ्याइतकी वक्तशीर पाठ जगात कुणाची नसेल.

जागं राहायला तंबाखू-चुना लागायचा, दर तासाला. मशीनचा गोड चहा, चार-पाच कप. पहाटे गेटबाहेरचे वडे. सकाळी घरी येऊन पडदे ओढून झोपायचं, तीही तुटक झोप. चालणं बंद, पोट पुढे. म्हणजे ज्या रोगापासून मी पळत होतो, त्यालाच रोज रात्री खाऊपिऊ घालत होतो. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आजार वाढवायचा असता तर मीही याहून चांगलं टाइमटेबल देऊ शकलो नसतो.”

मध्यंतरी हायवेच्या कडेला तंबू टाकून बसलेल्या जडीबुटीवाल्याकडेही गेलो. काचेच्या बरण्या, वाळलेल्या मुळ्या. हेल्मेट डोक्यावर ठेवूनच बोललो, ओळख पटू नये म्हणून. त्याने तपकिरी पूड दिली. ती घेतली की तोंड लाल व्हायचं, डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, पण दोन वेळा काम झालं. फक्त दोन वेळा. त्या दोन वेळांच्या आशेवर मी आणखी सात महिने ती पूड खाल्ली.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. शिंदेची बायको आमच्याकडे आली, वाण घेतलं आणि सगळ्या बायकांसमोर रेखाचे हात धरून म्हणाली, “ताई, तुमच्या ह्यांचे लई उपकार हायेत. आमच्या ह्यांची थर्ड शिफ्ट तेच मागून घेतात. लहान लेकरं हायेत आमच्या घरी, तर किती विचार करतात ते!”

रेखाने तिच्या ओटीत बोरं घातली आणि हसली, असं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला तिने एकच विचारलं. “थर्ड शिफ्ट तुम्ही मागून घेता?” मी म्हटलं, “कोण म्हणतं?” दोन दिवसांनी तिने माहेरी, कळवणला भावाला फोन केला.

आमच्यात असं काही झालं की बैठक बसते. रविवारी दुपारी रेखाचा मोठा भाऊ संपतराव आणि तिचे चुलते तात्या आले. रेखाने चहा ठेवला. दोघांनी कपाला हात लावला नाही. विषय मिटेपर्यंत चहा घ्यायचा नाही, ही रीत आहे. चहावर साय धरत गेली आणि मी त्या सायीकडे बघत बसलो.

“दाजी,” संपतराव म्हणाले, “सरळ विचारतो. बाहेर कोन हाय का?”

त्या क्षणी माझ्यासमोर दोन वाटा होत्या. खरं सांगायचं की मी बायकोजवळ जाऊ शकत नाही, म्हणून घरातून पळतो. किंवा... माझ्या तोंडून शब्द निघून गेले. “हो. आहे एक.”

मला शपथेवर विचाराल तर ते बोलताना मला बरं वाटलं. बाहेर बाई असलेला पुरुष निदान पुरुष तरी ठरतो.

आणि ऐका पुढचं. तात्यांनी मान हलवली. “होतं आसं. पुरुषाची जात हाय. आता बंद कर म्हंजे झालं.” संपतराव थोडे चिडले, एक-दोन शब्द टाकले, मग तेही शांत झाले. दहा मिनिटांत मला माफी मिळाली. गार चहा पुन्हा गरम करायला सांगितला गेला.

रेखाने गॅस पेटवला नाही. तिने आतून पिशवी आणली, भावाला म्हणाली, “चल.” माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळच्या कळवण गाडीने ती गेली.

आमची मुलगी पुण्याला हॉस्टेलवर असते. तिने फोन उचलणं बंद केलं. मी पाच आठवडे त्या घरात एकटा होतो. काय खाल्लं आठवत नाही, ती पूड मात्र सवयीने चालूच होती. एवढं आठवतं की आता रात्री घरी राहायला काहीच हरकत नव्हती, तरी मी थर्ड शिफ्टच मागत राहिलो. जगण्यात काही अर्थ आहे का, असे विचारही येऊन गेले. कुणाला आले तर ते मनात ठेवू नका, एका माणसाला तरी सांगा. मी सांगितले नाहीत आणि ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत.

एका सकाळी शिफ्ट संपता संपता मी मशीनशेजारी कोसळलो. फर्स्टला आलेल्या शिंदेनेच हॉस्पिटलात आणलं. बीपी फार खाली गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, “काही औषध चालू आहे?” मी “नाही” म्हणालो. त्यांनी ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, काढायला लावला. रक्त घेतलं. पुन्हा विचारलं. पुन्हा “नाही”. ते दुसऱ्या पेशंटकडे वळले आणि माझ्यात काय आलं कोण जाणे, मी खिशातली पुडी काढून चादरीवर ठेवली.

डॉक्टरांनी पुडी उघडली, बघितली आणि शिंदेला बाहेर बसायला सांगितलं. मग खुर्ची ओढून बसले. त्यांनी मला हे असं समजावलं:

“अशा पुडीत पुष्कळदा ताठरतेच्या गोळ्याच कुटून घातलेल्या असतात. किती घातल्या ते बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाने ही पुडी खाल्ली तर जीव जाईल. तुम्ही नशीबवान. आता नीट ऐका. ताठरता म्हणजे त्या भागात रक्त भरणं. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. साखर, तंबाखू, बीपी, चरबी यांचा मार त्यांना आधी बसतो. म्हणून हे तुमच्या शरीराने दिलेलं पहिलं पत्र आहे. ते फाडून टाकलंत, तर दुसरं पत्र हृदयाकडून येतं.”

त्यानंतरचे दिवस तपासण्यांचे. एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ती माझी साडेदहा निघाली. साडेसहाच्या वर गेली की मधुमेह. लिपिड प्रोफाइल म्हणजे रक्तातली चरबी, तीही जास्त. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं हार्मोन, ते सकाळीच तपासावं लागतं, ते ठीक होतं. स्ट्रेस टेस्ट म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात. तिथे रांगेत बसलेला प्रत्येक जण मला विचारी, “तुम्हाला काय होतंय?” मी म्हणायचो, “साखर.” ते खोटंही नव्हतं. हृदय अजून शाबूत होतं. त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडलो.

डॉक्टर म्हणाले, “पुढच्या वेळी मिसेसना आणा. हा दोघांचा उपचार आहे.”

मी कळवणला गेलो. संपतरावांच्या कांद्याच्या चाळीत रेखा कांदे निवडत होती. सडका बाजूला, चांगला पाटीत. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाई नाही, कधीच नव्हती, मला हा आजार आहे. फाइल पुढे केली.

तिने फाइल घेतली नाही. हातातला कांदा फेकून मारला. खरंच मारला, खांद्याला लागला.

“इतके दिवस मी त्या बाईशी भांडले,” ती म्हणाली. “मनातल्या मनात. ती गोरी असंल, बारीक असंल, माझ्याहून लहान असंल. मी आरशात बघणं सोडलं. आणि ती नव्हतीच? आजारी असता तर पाय चेपले असते, दवाखाने हिंडले असते तुमच्यासंगं. तुम्ही मला तेवढ्या लायकीचीही ठेवली नाही.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “माझ्यासमोर नका मागू. ज्यांच्यासमोर खोटं बोललात त्यांच्यासमोर खरं बोला. मग बघू.”

मला ते जमणार नव्हतं. मी परत आलो.

पुढचे सात आठवडे मी सगळं केलं, तेवढं सोडून. तंबाखू सोडली. पहिले चार दिवस डोकं फुटायला आलं, मग बडीशेप आणि लवंग दाढेखाली धरून निभावलं. शिफ्टच्या बदल्या बंद केल्या. रोज पाऊण तास चालायचो, आधी कॉलनीतल्या कॉलनीत, मग पार पांडवलेण्याच्या पायथ्याच्या बाजूला. साखर न घातलेला चहा. भात कमी, नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, मेथी, मटकी. भाकरी थापायला शिकलो, पहिल्या दहा-बारा तर नकाशेच होते. रात्री सात तास झोप. साखरेची गोळी वेळेवर. शिवाय पेल्विक फ्लोअरचे व्यायाम. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आपण आवळतो, तेच आवळून पाच मोजायचे आणि सोडायचे, दिवसातून तीन वेळा. ते मशीनजवळ उभा राहूनही करता येतात, कुणाला पत्ता लागत नाही. पण लघवी करताना ते करू नका, ती फक्त स्नायू ओळखण्यापुरती खूण आहे.

वजन सहा किलो उतरलं. साखर खाली आली. रिपोर्ट बघून डॉक्टर खूश. मी मात्र घरी येऊन एका भाकरीचे दोन तुकडे करायचो आणि दुसरा कुणासाठी ते मला कळायचं नाही. कुणासाठी बरा होत होतो मी?

मे महिन्यात पुन्हा कळवणची गाडी धरली. वाटेत धीर सुटला आणि वणीच्या स्टँडवर उतरून परत फिरलो होतो, पण नाशिकची गाडी आधीच निघून गेली होती. पुढची यायला वेळ होता. कळवणची समोर उभी होती. त्यात बसलो.

संपतराव ओसरीवर होते. तात्यांना मी बोलावून घेतलं. रेखा आतल्या दारात उभी. मी म्हटलं, “मी त्या दिवशी खोटं बोललो. बाहेर कोणी नाही. मला नवरा म्हणून जमत नव्हतं. साखरेमुळे झालंय. ते सांगायची लाज वाटली म्हणून बाई आहे म्हणालो. रेखाचा काही दोष नाही.”

बाई आहे म्हटल्यावर ज्यांनी दहा मिनिटांत माफ केलं होतं, त्या तात्यांनी आता मान फिरवली. “आसलं बोलायचं आसतं का चार मान्सांत,” असं म्हणून ते पायताण घालून निघून गेले. संपतराव जमिनीकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं सगळं.

रेखा आत गेली. चहा घेऊन आली. मला दिला, भावाला दिला, स्वतः घेतला. तिने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, “बिनसाखरेचा हाय. प्या.”

तिची पिशवी घेऊन संपतराव आम्हाला स्टँडवर सोडायला आले. रेखा पाणी घ्यायला गेली तेव्हा ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले, तोंड गाडीकडे करून. बराच वेळ खाकरले. मग म्हणाले, “दाजी, त्यो डॉक्टर बसतो कुठं?”

मी फाइलीतली डॉक्टरांच्या पत्त्याची चिठ्ठी काढून त्यांच्या खिशात घातली.

त्यानंतर आम्ही दोघं डॉक्टरांकडे जातो. सांगण्यासारखं थोडं आहे ते सांगतो. हृदयाची तपासणी झाल्यावरच डॉक्टरांनी गोळी दिली. ती मनानं घेऊ नका, मित्राची घेऊ नका. ती इच्छा निर्माण करत नाही, इच्छा असेल तर रक्ताला वाट करून देते. काही जणांना गोळी चालत नाही. त्यांना व्हॅक्यूम पंप सांगतात. ती प्लास्टिकची नळी असते, हवा ओढून रक्त आणते आणि मग बुडाशी एक रिंग बसवायची. ती रिंग अर्ध्या तासाच्या वर ठेवायची नाही. आम्ही तोही आणला होता. पहिल्यांदा वापरताना रेखाला इतकं हसू आलं की मलाही आलं. त्या दिवशी बाकी काही झालं नाही, पण दोन वर्षांनी आम्ही एका पलंगावर हसलो.

मी पूर्ण बरा झालोय असं म्हणणार नाही. कधी जमतं, कधी नाही. नाही जमलं की अजून पळून जावंसं वाटतं. पण आता रेखा कूस वळवत नाही, मी पाठ भरल्याचं सांगत नाही. वीस वर्षं शिव्या खाऊन काम शिकलो, तसं हेही शिकतोय. माझ्या खिशातली पुडी बघून न हसणाऱ्या त्या डॉक्टरांचे, आणि त्या कांद्याचे, माझ्यावर उपकार आहेत.

परवा पुन्हा संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. मी आतल्या खोलीत, तिळाच्या अर्ध्या वडीवर समाधान मानून बसलो होतो. बाहेर शिंदेची बायको लटक्या रागाने म्हणत होती, “काय ताई, तुमचे हे आता आमच्या ह्यांची थर्ड शिफ्ट घ्यायला तयारच व्हईना! काय झालं काय त्यांना?”

क्षणभर मी वडी चावायचा थांबलो.

“काही नाही झालं,” रेखा सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “आता रात्रीचे मला लागतात ते घरी.”